शिकागोचे पंचांग

आपल्याकडील कोणताही मोठा सण घेतला, तर त्याचा आरंभ कोणत्या साली, कोणत्या गावी आणि कोणाच्या पुढाकाराने झाला, हे सांगता येत नाही. दिवाळी, होळी, संक्रांत यांची मुळे पिकांच्या हंगामात, सूर्यचंद्रांच्या गतीत आणि पुराणकथांत इतकी खोल गेलेली आहेत की, इतिहासकाराने तेथे हात जोडून स्वस्थ बसावे हेच बरे. सार्वजनिक गणेशोत्सवासारखा एखादाच उत्सव असा की ज्याच्या आरंभाचा काळ ठाऊक आहे, ज्याच्या जन्माच्या वेळचे वाद त्या काळच्या वृत्तपत्रांत वाचावयास मिळतात आणि ज्याच्या मिरवणुकीकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत होते याचीही नोंद सापडते. परंतु जगात अशीही काही शहरे आहेत की ज्यांचे अवघे पंचांगच या प्रकारचे आहे. तेथील बहुतेक प्रत्येक उत्सवाला जन्मतारीख आहे, आणि पुष्कळदा त्या जन्मामागे एखादे भांडण आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शिकागो हे अशा शहरांत अग्रगण्य होय.

मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या या गावाला १८३७ मध्ये नगराचा दर्जा मिळाला, तेव्हा तेथील वस्ती चार हजारांच्या घरात होती. १८९० च्या शिरगणतीत ती दहा लाखांच्या पुढे गेली. म्हणजे त्या गावात जन्मलेल्या एखाद्या मुलाचे केस पिकावयाच्या आत खेड्याचे महानगर झाले. ज्यांची ही मूळ भूमी त्या पोटावाटोमी लोकांकडून १८३३ च्या तहाने जमीन घेण्यात आली आणि त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे धाडून देण्यात आले. त्यानंतर जे कोणी आले ते सारे बाहेरचे. कालवा खणण्यासाठी आयरिश आले. कारखान्यांत जर्मन, बोहेमियन आणि पोलिश आले. पुढे दक्षिणेतील कापसाची शेते सोडून कृष्णवर्णीय आले. त्यांच्यामागून मेक्सिकन आणि पोर्तोरिकन आले. आणि १९६५ च्या कायद्याने दार उघडल्यावर आपलेही लोक जाऊन पोहोचले. भूमीशी जोडलेले जुने ऋतुचक्र जुन्या रहिवाश्यांबरोबर गेले होते. नव्यांना आपले पंचांग नव्याने लिहावे लागले.

ते लिहिले गेले रस्त्यावर. घरात कोणी कोणता सण करावा याला कोणाची आडकाठी नसते. प्रश्न येतो तो मिरवणूक घराबाहेर पडते तेव्हा. प्रस्तुत मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांनी आपल्या नोकरीच्या काळात मिरवणुकांचे परवाने दिले असतील, बंदोबस्ताचे आदेश काढले असतील, सुट्ट्यांच्या यादीवर सह्या केल्या असतील. मार्ग कोणता, वेळ कोणती, पुढे कोण आणि मागे कोण, हे प्रश्न कागदावर किरकोळ दिसतात. ज्याला या शहरात कालपर्यंत कोणी विचारीत नव्हते, तो वर्षातून एक दिवस मुख्य रस्त्याच्या मध्यावरून चालू शकतो की नाही, हा खरा प्रश्न त्या कागदाखाली दडलेला असतो. शिकागोचे वर्ष महिन्यामहिन्याने पाहू लागले की हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो.

वर्षारंभी तेथे उत्सवाला जागाच नसते. सरोवरावरून येणारा वारा अंगात शिरतो. २० जानेवारी १९८५ रोजी तापमान शून्याखाली सुमारे तेहतीस अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरल्याची नोंद आहे. तरी हिवाळाही त्या शहराच्या इतिहासात निष्क्रिय राहिलेला नाही. जानेवारी १९७९ मध्ये प्रचंड हिमवर्षाव झाला, रस्ते दिवसेंदिवस अडून राहिले आणि बर्फ हटविण्यात नगरपालिकेचा कारभार तोकडा पडला. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक होती. महापौर मायकेल बिलँडिक यांच्यामागे शहरातील बलाढ्य पक्षयंत्रणा उभी असूनही मतदारांनी त्यांना नाकारले आणि जेन बर्न या त्या शहराच्या पहिल्या स्त्री महापौर झाल्या. आपल्याकडे पावसाळ्यात तुंबलेल्या गटारांवरून नगरपित्यांना बोल लावण्याची रीत आहे. तेथे बर्फाने महापौर बदलला.

बर्फ वितळते आणि मार्चमध्ये नदी हिरवी होते. १७ मार्च हा आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा दिवस. आज शिकागोत या सणाला जी शोभा आहे ती पाहता, एके काळी आयरिश मजूर म्हणजे दारूबाज, भांडखोर आणि परधर्मी अशी तेथील प्रतिष्ठितांची समजूत होती, यावर विश्वास बसणार नाही. १८३६ ते १८४८ या काळात ज्या कालव्याने शिकागो नदी मिसिसिपीच्या खोऱ्याशी जोडली आणि शहराचे भाग्य उघडले, तो कालवा मुख्यतः त्यांच्या कुदळींनी खणला. शंभर वर्षांनी त्यांच्याच वंशातील रिचर्ड डेली हे १९५५ मध्ये महापौर झाले. १९६२ मध्ये त्यांचे मित्र, नळकामगारांच्या संघटनेचे प्रमुख स्टीफन बेली, यांनी नदीच हिरवी करण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली. नदीत कोणाच्या इमारतीचे सांडपाणी चोरून सोडले जाते हे हुडकण्यासाठी नळकामगार एक रंग वापरीत असत. तोच रंग त्यांनी सुमारे शंभर पौंड नदीत ओतला, आणि नदी जवळजवळ आठवडाभर हिरवी राहिली. पुढे प्रमाण कमी झाले. रंगही वनस्पतिजन्य वापरण्यात येऊ लागला.

यातील गंमत केवळ रंगाची नाही. ही तीच नदी, जिचे पाणी सरोवरात जाऊन शहराचे पिण्याचे पाणी नासवीत होते, म्हणून १९०० मध्ये कालवा काढून जिचा प्रवाहच उलटा फिरविण्यात आला. घाण शोधण्याचे साधन हाती असलेल्या कामगारांनी त्याच साधनाने आपल्या पूर्वजांचा सण शहराच्या मध्यभागी रंगविला. हिरव्या नदीत कष्टकऱ्यांच्या एका पिढीचा मान मिसळलेला आहे. महापौर आपला आणि संघटना आपली असल्यावर परवान्याची अडचण उरत नाही, हेही तिच्यात दिसून येते.

आता मे महिना. शिकागोच्या पंचांगातील सर्वांत महत्त्वाची तारीख याच महिन्यात आहे, आणि नेमकी तीच शहराच्या सुट्ट्यांच्या यादीत नाही. १ मे १८८६ या दिवसापासून कामाचा दिवस आठ तासांचाच असावा, असा ठराव अमेरिकेतील कामगार संघटनांनी दोन वर्षे आधी केला होता. त्या वेळी कारखान्यांत दहा-बारा तास काम हा सामान्य क्रम होता. तो दिवस उजाडला आणि एकट्या शिकागोत हजारो कामगार काम सोडून बाहेर पडले. पहिला दिवस शांततेत गेला. ३ मे रोजी मॅकॉर्मिक यांच्या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळीबार केला; त्यात कामगार मेले. त्याचा निषेध म्हणून ४ मे रोजी संध्याकाळी हेमार्केट या बाजारचौकाजवळ सभा भरली.

या सभेस महापौर कार्टर हॅरिसन स्वतः गेले. त्यांनी भाषणे ऐकली, जमाव शांत आहे असे पाहिले, जवळच्या पोलीस चौकीत जाऊन राखीव दल परत पाठविण्यास हरकत नाही असे सांगितले आणि ते घरी गेले. पावसाची चिन्हे दिसू लागली. सभा पातळ झाली. शेवटचा वक्ता आपले बोलणे आटोपत होता. अशा वेळी चौकीवरील अधिकारी जॉन बॉनफील्ड याने पावणेदोनशेच्या आसपास पोलीस घेऊन सभेवर चाल केली आणि ती मोडण्याचा हुकूम देण्यात आला. कोणीतरी बाँब फेकला. पोलिसांनी गोळीबार सुरू केला. सात पोलीस आणि निदान चार नागरिक या प्रकरणात प्राणास मुकले. बाँब कोणी फेकला, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही.

वरिष्ठाने परिस्थिती डोळ्यांनी पाहून घेतलेला निर्णय, आणि त्याची पाठ वळताच कनिष्ठाने केलेली उलट कृती, ही गोष्ट ज्यांनी जमाव हाताळले आहेत त्यांना अपरिचित वाटणार नाही. पण खटल्यात तिचा उपयोग झाला नाही. सभा शांत होती अशी साक्ष हॅरिसन यांनी न्यायालयात दिली. तरी आठही आरोपी दोषी ठरले. त्यांच्यापैकी एकानेही बाँब फेकल्याचा पुरावा नव्हता. अपराध ठरला तो त्यांच्या भाषणांचा आणि लेखांचा. ऑगस्ट स्पाइस, अल्बर्ट पार्सन्स, अ‍ॅडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आले. लुई लिंग याने आदल्या दिवशी कोठडीत आपला अंत करून घेतला. उरलेले तिघे तुरुंगात होते. २६ जून १८९३ रोजी इलिनॉय राज्याचे राज्यपाल जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी त्यांना मुक्त केले. पंच निवडण्यात पक्षपात झाला, न्यायाधीश पूर्वग्रहदूषित होते आणि गुन्हा शाबीत झालेला नव्हता, असे त्यांनी सविस्तर लिहून दिले. दया दाखविली असे म्हणून मोकळे होणे त्यांना सोपे होते. त्यांनी न्यायालयाच्या चुकीवर बोट ठेवले. त्याबद्दल वृत्तपत्रांनी त्यांना झोडपून काढले, आणि १८९६ च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

शिकागोत ही तारीख दडपली जात असताना जगाने ती उचलली. १८८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १ मे १८९० हा आठ तासांच्या मागणीचा दिवस ठरविला, आणि हळूहळू तो जगभरचा कामगारदिन झाला. भारतात तो प्रथम १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलू यांच्या पुढाकाराने साजरा झाला. अमेरिकेत मात्र सरकारी यादीत सप्टेंबरचा पहिला सोमवार आला. सप्टेंबरातील हा दिवस न्यूयॉर्कचे कामगार १८८२ पासून पाळीत होते. त्याला राष्ट्रीय सुट्टीचा दर्जा देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी २८ जून १८९४ रोजी सही केली. त्याच आठवड्यात शिकागोच्या दक्षिणेस पुलमन येथील रेल्वेडब्यांच्या कारखान्याचा संप देशभर पसरत होता, आणि पुढच्याच आठवड्यात तो मोडण्यासाठी त्याच अध्यक्षांचे सैन्य शिकागोत उतरले. पुढे १९५८ मध्ये १ मे ही तारीखच निष्ठादिन म्हणून घोषित करण्यात आली. एखादा दिवस पुसावयाचा असेल तर त्यावर बंदी घालण्यापेक्षा त्याच जागी दुसरा दिवस बसविणे अधिक सोयीचे असते, हे कोणत्याही राजवटीला शिकवावे लागत नाही.

याच महिन्यात, अवघ्या दोन दिवसांनी, शिकागोचे पोलिश लोक आपला सण करतात. ३ मे १७९१ रोजी पोलंडने एक प्रगत संविधान स्वीकारले. चार वर्षांत तो देशच शेजाऱ्यांनी वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत नकाशावर पोलंड उरला नाही. परकी अमलाखाली मायदेशात ३ मे उघडपणे साजरा करणे अशक्य होते, त्या काळात शिकागोत स्थायिक झालेले पोलिश कारखानाकामगार हंबोल्ट पार्कमध्ये जमून तो साजरा करू लागले. १९०४ मध्ये तेथे त्यांनी आपला वीर कोश्चुश्को याचा अश्वारूढ पुतळाही उभारला. पुढे देश स्वतंत्र झाला, सण परत आला. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साम्यवादी राजवटीने तो पुन्हा मोडीत काढला आणि १ मेच्या संचलनांना राजमान्यता दिली. १९९० मध्ये ३ मे पोलंडच्या यादीत परत आला. या सर्व काळात शिकागोतील मिरवणूक चालू होती.

या दोन तारखांची अदलाबदल विचार करण्याजोगी आहे. शिकागोत जन्मलेला १ मे वॉर्सात सक्तीने साजरा होत होता, आणि वॉर्सात जन्मलेला ३ मे शिकागोत स्वेच्छेने. सण जेथे जन्मतो तेथेच तो टिकतो असे नाही. कधी कधी घरापासून दूर गेलेली माणसेच तो जपून ठेवतात आणि अनुकूल काळ आला की मूळ गावाला परत करतात. दिल्ली, कोलकाता किंवा लखनौ येथील महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या वर्गणीसाठी ज्यांनी दारोदार फिरून पावत्या फाडल्या आहेत, त्यांना हे निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. आपल्यावर तशी आपत्ती आली नाही हे आपले भाग्य. परंतु परगावी केलेल्या उत्सवाला हौसेपलीकडे काही अर्थ असू शकतो, याला पोलिश लोकांचा हा शंभर वर्षांचा दाखला पुरेसा आहे.

उन्हाळा जोरात आला की शहराचा दक्षिण भाग जागा होतो. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी तेथे मुलांची एक भव्य मिरवणूक निघते. तिला बड बिलिकन मिरवणूक म्हणतात. हा बड बिलिकन कोणी राजा नव्हे, संतही नव्हे. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ मध्ये काढलेल्या ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रातील मुलांच्या पानाचा तो काल्पनिक संपादक. दक्षिणेतील छळाला कंटाळून उत्तरेकडे निघालेल्या लाखो लोकांना हे पत्र वाटाड्यासारखे होते. पण उत्तरेत आल्याने सारे संपले नाही. २७ जुलै १९१९ रोजी सरोवरात पोहत असलेला यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा मुलगा गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्याकडे वाहत गेला. काठावरून त्याच्यावर दगड फेकण्यात आले आणि तो बुडाला. दगड मारणाऱ्यास पकडण्यास पोलिसाने नकार दिला. मग जी दंगल उसळली तिच्यात तेवीस कृष्णवर्णीय आणि पंधरा गोरे असे अडतीस जण मेले, आणि सुमारे हजार कृष्णवर्णीय कुटुंबे बेघर झाली.

दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, अ‍ॅबट यांनी वृत्तपत्रे विकणाऱ्या मुलांसाठी पहिली बिलिकन मिरवणूक काढली. एका मुलाला पाण्यातली अदृश्य रेषा ओलांडल्याबद्दल जीव गमवावा लागला होता. त्याच शहरात त्याच्या जातीची मुले आता वाद्यांच्या तालावर रुंद रस्त्यावरून चालू लागली. या मिरवणुकीत निषेधाचे फलक नसत. मुले नाचत, खाऊ वाटला जाई, आईबाप सावली धरून दिवसभर बसत. परंतु मुलांना निर्भयपणे रस्त्यावर आणणे हेच तेथे मोठे विधान होते. ‘डिफेंडर’ची छापील आवृत्ती २०१९ मध्ये बंद झाली; मिरवणूक मात्र वृत्तपत्राला पुरून उरली आहे.

याच वस्तीने पुढे शहराच्या उत्सवाचा राजकीय अर्थही दाखवून दिला. जेन बर्न यांच्या कारकीर्दीत सरोवरकाठी संगीत-मेळा भरत असे. १९८२ मध्ये, महापौरांच्या नेमणुकांत कृष्णवर्णीयांना डावलले जाते या तक्रारीवरून, जेसी जॅक्सन यांनी त्या मेळ्यावर बहिष्कार पुकारला. बहिष्कारातून चळवळ निर्माण झाली, तिच्यातून मतदार नोंदणीची मोहीम निघाली, आणि एप्रिल १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन हे शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कारकीर्दीत ब्लूज संगीताचा वार्षिक महोत्सव सुरू झाला. मिसिसिपीच्या शेतांतून १९४३ मध्ये आलेल्या मडी वॉटर्सने ज्या गायकीला शिकागोत विजेच्या गिटारीची जोड दिली, ती गायकी दारूच्या गुत्त्यांतून निघून सरोवरकाठच्या सार्वजनिक उद्यानात मानाने येऊन बसली. स्वतः मडी वॉटर्स तो सोहळा पाहावयास राहिला नाही. ३० एप्रिल १९८३ रोजी तो वारला होता.

सप्टेंबर उजाडतो तो कामगारांच्या त्या सरकारी सोमवारासह. त्यानंतर सोळा तारखेच्या सुमारास मेक्सिकोच्या स्वातंत्र्याच्या मिरवणुका निघतात. आणि भारतीयांना आठवतो तो ११ सप्टेंबर १८९३ हा दिवस. त्या वर्षी शिकागोत कोलंबसाच्या स्मरणार्थ जागतिक प्रदर्शन भरले होते. हेमार्केटच्या सात वर्षांनंतर, आणि नेमक्या १ मे याच तारखेला, त्याचे उद्घाटन झाले होते. त्याच्याच आनुषंगिक म्हणून भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे सर्वश्रुत आहे. त्याच व्यासपीठावर मुंबईचे बी. बी. नागरकर यांनीही ब्राह्म मताच्या वतीने भाषण केले होते; मराठी वाचकाला त्यांचे नाव आता क्वचितच ठाऊक असते. इकडे पुण्यात त्याच सुमारास गणपती घरातल्या मखरातून उठून सार्वजनिक मांडवात येत होता.

प्रदर्शनातील सर्वांत मोठी गर्दी झाली ती ९ ऑक्टोबर रोजी. त्या एका दिवशी सात लाखांहून अधिक लोक आले. त्या दिवसाला शिकागोदिन असे नाव दिले होते. बावीस वर्षांपूर्वी, १८७१ मध्ये, याच दिवसांत लागलेल्या आगीने शहराचा मध्यभाग भस्मसात केला होता. सुमारे तीनशे माणसे मेली होती आणि एक लाख बेघर झाली होती. आपल्या नाशाच्या तिथीलाच उत्सवाचे रूप देणारे शहर विरळा. पुढे हीच तिथी धरून अमेरिकेत ऑक्टोबरात अग्निप्रतिबंधक सप्ताह पाळला जाऊ लागला. प्रदर्शनाच्या वर्षी महापौरपदी पुन्हा तेच कार्टर हॅरिसन होते, ज्यांनी हेमार्केटची सभा शांत आहे असे सांगितले होते. समारोपाला दोन दिवस असताना, २८ ऑक्टोबरला, सरकारी नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने त्यांना घरी येऊन गोळी घातली. ठरलेला समारोप-सोहळा रद्द झाला, आणि त्या अवाढव्य प्रदर्शनाचा शेवट शोकसभेने झाला.

वर्ष असे पुरे होते. पण १ मेचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. हेमार्केट चौकात १८८९ मध्ये पोलिसाचा पुतळा उभारण्यात आला. १९२७ च्या ४ मे रोजी एक ट्राम रूळ सोडून त्यावर आदळली. १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोन वर्षे तो स्फोटाने उडविण्यात आला. अखेर १९७२ मध्ये त्याला पोलिसांच्याच इमारतीत नेऊन ठेवावे लागले. फाशी गेलेल्यांचे स्मारक १८९३ मध्ये शहराबाहेरच्या दफनभूमीत झाले होते. पण प्रत्यक्ष घटनास्थळी, जेथे गाडीवर उभे राहून वक्ते बोलले होते तेथे, गाडीच्याच आकाराचे शिल्प उभे राहण्यास २००४ साल उजाडावे लागले. त्याच्या चौथऱ्यावर देशोदेशींच्या कामगार संघटनांनी आपापल्या पट्टिका बसविल्या आहेत. आणि १ मे २००६ रोजी स्थलांतरितांच्या हक्कांसाठी शिकागोच्या रस्त्यांवरून काही लाख लोकांचा मोर्चा निघाला. त्यांतील बहुसंख्य मेक्सिको व आसपासच्या देशांतून आलेले. त्यांच्या मायदेशी १ मे हा दरवर्षीचा सण होता. शिकागोने जगाला दिलेली तारीख नव्या शिकागोकरांनी अशा रीतीने परत आणून दिली. पोलिश लोकांनी आपला ३ मे जसा मायदेशाला परत दिला तशीच.

आपल्या राज्याचा जन्मदिवसही १ मे हाच आहे. १९६० मध्ये या तारखेस महाराष्ट्र स्थापन झाला, तो मुंबईच्या कामगारवस्तीने ज्यात शंभरावर माणसे गमावली अशा चळवळीनंतर. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला होता. त्याच जागी आज हुतात्मा चौक आहे, आणि तेथे शेतकरी व कामगार हातात मशाल घेऊन उभे आहेत. शिकागोच्या चौकात आधी पोलिसाचा पुतळा आला आणि कामगारांची खूण येण्यास एकशे अठरा वर्षे लागली. मुंबईच्या चौकाला मात्र पडलेल्यांचेच नाव मिळाले. हा फरक आपल्याला अभिमानास्पद आहे. त्या चौकावरून रोज जाणाऱ्या किती लोकांना त्या दिवसाची हकीकत सांगता येईल, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्याला १ मे हा बहुधा कामाचाच दिवस असतो. संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात ध्वज, राज्यगीत, एखादे व्याख्यान आणि अल्पोपाहार होतो. मुले झेंडे हलवितात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जातात. शिकागोतही १९६९ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, आणि तेथील मराठी मुले जेव्हा महाराष्ट्रदिनाचे झेंडे हातात घेतील तेव्हा त्यांना सांगण्याजोगी एक गोष्ट त्यांच्याच शहरात, डेस्प्लेन्स रस्त्यावर उभी आहे. सण टिकतात ते सुट्टीमुळे नव्हे. शिकागोने यादीतून वगळलेला दिवस जगला, कारण कोणीतरी दूर देशी दरवर्षी त्याची आठवण ठेवीत राहिले; आणि यादीत मानाने बसविलेला सप्टेंबरातील सोमवार पुष्कळांच्या लेखी उन्हाळ्याची शेवटची सहल होऊन बसला. सुट्टी सरकार देऊ शकते. त्या दिवशी काय झाले होते, हे मुलांना सांगण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते.